नव्वदच्या दशकातल्या टेप ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना खुलं पत्र

प्रति,
१९९० ते २००० या काळात माहितीपट केलेले दिग्दर्शक, ते करून घेणाऱ्या सामाजिक संस्था, विद्यापीठांचे संज्ञापन विभाग, सरकारी खात्यांच्या प्रसिद्धी शाखा, आणि त्या काळात काम करून आता आपल्यात नसलेल्यांच्या घरची मंडळी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सामाजिक संस्थेने कार्यालय हलवलं. माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. तिथल्या कार्यकर्त्याने मला फोन केला, "ताई, तुमच्या त्या जुन्या मोठ्या कॅसेटी सापडल्यात. घेऊन जाता का? भंगारवाला खाली उभाच आहे." मी रिक्षा करून गेले. पेटीत बीटाकॅम एसपीच्या, म्हणजे तेव्हाच्या व्यावसायिक व्हिडिओच्या, चौदा कॅसेटी होत्या. काहींच्या कडेला पांढरी बुरशी, लेबलांवरची शाई उडालेली. एका कॅसेटवर मात्र अक्षर शाबूत होतं: 'बुडीत गाव, टेप ६, झाडं, वापरलं नाही.' अक्षर माझंच होतं. १९९४ साली त्या माहितीपटाची मी साहाय्यक संकलक होते.

टेप सहा साफ करून मशीनला लावायला मला दोन दिवस लागले. चित्र आलं. भूसंपादनाचा एक कारकून हातात तक्ता घेऊन परसातली झाडं मोजतोय आणि एक म्हातारी त्याच्या मागे मागे चालतेय. तो लिहितो, "आंबा दोन, चिंच एक." म्हातारी म्हणते, "चिंचा दोन. ती पल्याडची माझ्या सासूनं लावलीय." मग ती त्या दुसऱ्या चिंचेला कवेत घेऊन घेर दाखवते, म्हणजे ते झाड लहान नाही हे त्याला कळावं. तो लिहितो. पुढे उंबर येतो. कारकून सांगतो, "आजी, उंबराचे पैसे नाही मिळत." ती म्हणते, "पैशाचं नाही म्हणत मी. लिहा तर खरं." कारकून क्षणभर तिच्याकडे बघतो आणि लिहितो. या सगळ्या वेळात कॅमेरामनने कॅमेरा बंद केला नव्हता. सतराव्या मिनिटाला मशीन किंचाळल्यासारखा आवाज करायला लागलं. मी धावत जाऊन टेप थांबवली.

पूर्ण झालेल्या माहितीपटात या प्रसंगाचे नऊ सेकंद आहेत. कारकुनाचा हात, तक्ता, आणि वर निवेदकाचा आवाज: बाधित कुटुंबांच्या मालमत्तेची नोंद सुरू झाली. म्हातारीचा आवाज नाही. तेव्हा आमच्याकडे अठ्ठावीस मिनिटांची मर्यादा होती आणि संस्थेला आकडेवारी हवी होती. ते नऊ सेकंद मीच काढून दिले होते.

चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच कामाच्या आणखी साठेक टेप होत्या. त्या काही वर्षांपूर्वीच गेल्या. कोणी मुद्दाम टाकल्या असं नाही. "फिल्म तर झाली ना, सीडी आहे की आपल्याकडे," असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पटलं.

ते वाक्य तुमच्यापैकी अनेकांच्या कार्यालयात आणि घरात बोललं जातं, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हे जाहीर पत्र. तुमची पूर्ण झालेली फिल्म कुठेतरी वाचेल. तिच्या मागे राहिलेलं कच्चं चित्रण, ज्याला आपण रशेस म्हणतो, ते वाचणार नाही. आणि त्या दशकाचं खरं दफ्तर रशेसमध्येच आहे. त्या टेप आत्ता बाहेर काढा. पुढच्या वर्षी, निधी मिळाल्यावर, नवीन इमारत झाल्यावर असं म्हणत बसू नका.

नव्वदच्याच दशकाबद्दल मी एवढं का बोलते, ते सांगते. त्याच्या आधी माहितीपट सोळा मिलिमीटर फिल्मवर व्हायचा. चारशे फुटांचं एक रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. एका रिळाची किंमत, धुलाई, प्रिंट या सगळ्याचा हिशेब डोक्यात ठेवून कॅमेरा चालू करायचा. समोरचा माणूस मुद्द्यावर येईपर्यंत कॅमेरामनचं बोट बटणावर अडकलेलं असायचं. व्हिडिओ आला आणि हा जाच संपला. बीटाकॅमच्या छोट्या कॅसेटीत अर्धा तास बसायचा. नंतर हाय-एटच्या लहान कॅसेटी आल्या, १९९५नंतर डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओ आला, आणि कॅमेरा एका माणसाच्या हातात मावायला लागला. रीळ संपण्याची धास्ती गेल्यावर माणसं वेगळी बोलायला लागली. मधे गप्प बसायला लागली, चुलीवरचं दूध बघून परत येऊन बोलायला लागली. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरचा 'हूप ड्रीम्स' १९९४ साली आला, त्याच्यासाठी पाच वर्षांत सुमारे अडीचशे तासांचं चित्रण झालं होतं. फिल्मवर तेवढं चित्रण करायची कोणाची ऐपत होती?

आपल्याकडे ही मोकळीक आली तो काळही काय होता! मंडल, रथयात्रा, बाबरी, मुंबईची दंगल, किल्लारीचा भूकंप, नर्मदेचं आंदोलन, बंद पडलेल्या गिरण्या, उदारीकरण, रमाबाई नगरचा गोळीबार. चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या दशक सरता सरता आल्या. त्याआधी एखाद्या वस्तीत महिनाभर राहून, लोकांशी ओळख करून, त्यांचं बोलणं शेवटपर्यंत टिपणारा कॅमेरा असलाच तर तो माहितीपटवाल्यांचा होता. १९९० साली मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. ही सगळी माणसं तिथे भेटायची. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत वाद चालायचे. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे.

विषय तरी किती! दीपा धनराज यांनी 'समथिंग लाइक अ वॉर'मध्ये कुटुंबनियोजनाच्या नावाखाली बायकांच्या शरीराशी काय चाललंय ते दाखवलं. मधुश्री दत्ता यांनी १९९३ साली, दंगलीच्या जखमा ओल्या असताना, वांद्र्याच्या बेहरामपाड्यात कॅमेरा नेला. अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 'कहानकार : अहंकार'मध्ये वारल्यांच्या गोष्टी आणि चित्रं समोर ठेवली, आणि १९९७ साली येरवडा तुरुंगातल्या कवींवर फिल्म केली. तुरुंगातली कविता! वर्तमानपत्राच्या कुठल्याही पुरवणीत तेव्हा तिला जागा मिळाली नसती.

माझ्यासाठी मात्र या सगळ्यांत रीना मोहन यांची 'कमलाबाई' वेगळी आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम करणाऱ्या कमलाबाई गोखले. पार्वतीच्या भूमिकेत त्यांच्या आई दुर्गाबाई कामत होत्या, मोहिनी कमलाबाई. भारतीय पडद्यावर पहिल्यांदा दिसलेल्या बायका या दोघी मायलेकी. पुढे आयुष्यभर नाटकं, तेही पुरुषांच्या भूमिकांसह. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि बोलल्या. ते दशक संपायच्या आत त्या गेल्या. ती फिल्म झाली नसती तर मराठी रंगभूमीच्या त्या पिढीतल्या एका बाईचा आवाज, तिची हात हलवण्याची ढब, तिचा ठसका आपल्याला कुठे सापडला असता? नाट्यसंमेलनांच्या अहवालात तो नसतो. आत्मचरित्रातही नसतो.

हे सगळं ज्या वस्तूवर आहे ती वस्तू मरते आहे. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण 'टेप खराब होते' म्हणजे नेमकं काय होतं हे बऱ्याच जणांना माहीत नाही. टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर, आणि ते कण धरून ठेवणारा डिंकासारखा एक पदार्थ, त्याला बाइंडर म्हणतात. हा बाइंडर हवेतली ओल पितो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत जातो. मग टेप चिकट होते. मशीनला लावली की तो चिकटा हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसतो, चित्र जातं, टेप किंचाळते आणि कधीकधी तिथेच तुटते. टेप सहाचं हेच झालं. अशी टेप ओव्हनमध्ये, स्वयंपाकघरातल्या नव्हे, नेमकं तापमान राखणाऱ्या ओव्हनमध्ये, साधारण पन्नास अंशांवर काही तास ठेवली की थोडे दिवस चालण्यासारखी होते. तेवढ्यात काम उरकायचं. बुरशी असेल तर आधी ती काढायची, नाहीतर एका टेपची बुरशी मशीनमधून पुढच्या दहा टेपांना लागते. कोकणातून आलेली पेटी मी आधी वेगळ्या खोलीत ठेवते.

तुमच्याकडे फिल्मची निगेटिव्ह असतील तर वेगळी गोष्ट. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला, तर ॲसिटेट सडायला लागलंय असं समजा आणि तो डबा इतर डब्यांपासून दूर ठेवा. तो वास लागट आहे.

टेप धडधाकट असली तरी ती लावायची कशाला? बीटाकॅमची मशीन बनायची कधीच थांबली. व्हीएचएस वाजवणारा व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. माझ्याकडे एक मशीन चालू आहे आणि दोन मेलेली आहेत. मेलेल्यांचे सुटे भाग काढून जिवंताला लावायचे. हेडचं आयुष्य ठरावीक तासांचं असतं, म्हणून कोणती टेप आधी लावायची आणि कोणती सोडून द्यायची हे मला ठरवावं लागतं. आणि हे मशीन दुरुस्त करू शकणारा, मला माहीत असलेला माणूस सत्तरीच्या पुढे आहे. त्याच्या हाताखाली कोणी शिकायला नाही. यात घाईचा उपायही नाही. एक तासाची टेप संगणकात उतरवायला एक तासच लागतो, शिवाय साफसफाई वेगळी. दाबून लहान न केलेली एक तासाची फाइल नव्वद ते शंभर जीबीची होते. एफएफव्हीवन या पद्धतीने ती निम्म्यापेक्षा खाली येते आणि चित्राचा एक ठिपकाही जात नाही. पूर्वी जागा महाग होती हे कारण खरं होतं. आता ते राहिलेलं नाही.

युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय टेपांबद्दल जगभर इशारा दिला होता. २०२५च्या सुमारास या टेप वाजवणं जवळजवळ अशक्य होईल, असा तो अंदाज होता. ते वर्ष आलं आणि गेलं. आपण आता उसन्या वेळात काम करतोय.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमची फिल्म यूट्यूबवर आहे. चांगलं आहे. पण ती कशावरून चढवली आहे ते आठवा. बहुतेक वेळा मास्टरवरून, म्हणजे पूर्ण फिल्मच्या मूळ टेपवरून, व्हीएचएस, व्हीएचएसवरून सीडी, सीडीवरून यूट्यूब असा प्रवास झालेला असतो. चेहरे धुरकट, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, शाहिराच्या डफाचा ठेका डब्यातून आल्यासारखा येतो. आपल्या मुलांना नव्वदचं दशक असंच मळकट होतं असं वाटत असेल, तर तो दोष त्या दशकाचा नाही. मूळ टेपवरचे रंग बघा एकदा. नऊवारीचा हिरवा हिरवाच आहे.

आणि रशेस कशाला हव्यात, याचं उत्तर आनंद पटवर्धन यांच्या कामात आहे. शाहीर विलास घोगरे त्यांच्या १९८५च्या 'बॉम्बे हमारा शहर'मध्ये गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर काही दिवसांत घोगऱ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तिथून सुरू झालेलं चित्रण चौदा वर्षं चाललं आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाली. जुनं चित्रण जपून ठेवलेलं होतं म्हणूनच गेलेल्या शाहिराचा गाता चेहरा पुढच्या पिढीसमोर आला. १९९७ साली कोणी म्हणालं असतं, "ती फिल्म तर कधीच झाली, आता ती रिळं कशाला," तर? पटवर्धनांच्याच 'राम के नाम'मधल्या पुजारी लालदासांचंही तसंच. रामजन्मभूमीच्या मंदिराचे न्यायालयाने नेमलेले पुजारी, १९९३ साली त्यांची हत्या झाली. शांतपणे, न घाबरता बोलणारा तो माणूस आज आपल्याला भेटतो तो त्या चित्रणात. किती जणांच्या किती टेपांवर असे किती लालदास आहेत, जे फिल्मच्या लांबीत बसले नाहीत?

हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, कारण ते न बसवणाऱ्यांत मीही होते.

टेपांबरोबरच कागद जपा. लॉगशीट (कुठल्या टेपवर काय आहे याची नोंद), वह्या, पत्रव्यवहार, कॅसेटीच्या पोटातली चिठ्ठी. नाव, गाव, तारीख नसलेलं चित्रण म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. जात्यावरच्या ओव्यांचं गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभं केलेलं काम आठवा. एक लाखाहून जास्त ओव्या, आणि त्यांच्यासोबत गाणारी कोण, कुठल्या गावची, याच्या नोंदी. म्हणून वीस वर्षांनंतर 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाची माणसं त्या बायकांना शोधत त्यांच्या दारात जाऊ शकली. माहितीपटवाल्यांनी हे फार कमी केलं. आमच्या लॉगशीटवर असायचं: 'म्हातारी, क्लोज, छान.' तिचं नाव विचारायला कोणाला सुचलं नाही. चौदा टेपांच्या त्या पेटीत एकाही गावकऱ्याचं नाव लिहिलेलं नाही.

कायद्याबद्दल एक-दोन गोष्टी, कारण तिथे उगाच भीती आहे. १९५४च्या कायद्याने आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत द्यावी लागते. चोवीस पानी काव्यसंग्रहालासुद्धा हा नियम आहे. चित्रपट आणि माहितीपट त्या कायद्यात येत नाहीत. फ्रान्सने १९९२च्या कायद्याने रेडिओ-दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांनाही तो लागू केला. आपण केला नाही, म्हणून तुमच्या टेपची जबाबदारी तुमच्याशिवाय कोणावरही नाही. दुसरं, हक्कांचं. कॉपीराइट कायद्यानुसार फिल्मवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. १९९२च्या फिल्मचा २०५२च्या अखेरपर्यंत. हक्क जिवंत आणि टेप मेलेली, अशी वेळ येऊ घातली आहे. 'हक्क कोणाकडे आहेत ते स्पष्ट नाही' म्हणून जी ग्रंथालयं हात लावायला कचरतात, त्यांनी याच कायद्याचं कलम ५२ वाचावं. २०१२च्या दुरुस्तीनंतर, व्यावसायिक नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत त्याच्याकडे असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. ती प्रदर्शित करणं वेगळं. ठेवायला अडचण नाही.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कारभाऱ्यांनाही इथेच विनंती करते. १९६४पासून पुण्यात उभं असलेलं हे घर आमच्यासारख्यांना माहेर वाटतं. जानेवारी २००३च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्या दिवशी या शहरात कितीतरी जण घरातलं माणूस गेल्यासारखे बसून होते. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन, संग्रहालय आणि बालचित्र समिती यांचा कारभार राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेला. तेव्हापासून स्वतंत्र माहितीपटवाल्याने आपल्या टेप घेऊन कुठल्या दारात जायचं, हे साध्या शब्दांत कुठेतरी जाहीर व्हायला हवं. पुरस्कार मिळालेल्या फिल्मच्या मास्टरबरोबर पुरस्कार न मिळालेल्यांच्या रशेसही घ्या. मराठवाड्यातल्या एखाद्या संस्थेने पाणलोटाच्या कामावर केलेली ओबडधोबड फिल्म उद्याच्या अभ्यासकाला महोत्सवात गाजलेल्या फिल्मपेक्षा जास्त सांगेल, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते. जतन करा म्हटलं की काही जण सगळंच्या सगळं इंटरनेटवर टाकायला निघतात. तसं करू नका. त्या टेपांवर बायका नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलल्या आहेत. दंगलीत काय पाहिलं ते माणसांनी नावं घेऊन सांगितलं आहे. त्यांनी तेव्हा 'हो' म्हटलं ते एका फिल्मला, गावातल्या शाळेत किंवा महोत्सवात दाखवण्याला. नातवाच्या मोबाइलवर ते फिरेल याची कल्पना त्यांना नव्हती, तुम्हालाही नव्हती. जतन करणं एक आणि दाखवणं दुसरं. आधी उतरवून ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती ठेवा, मग एकेक टेप बघून, शक्य असेल तिथे त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून ठरवा. काही टेप पुढची तीस वर्षं बंदच राहिल्या तरी चालेल. त्या असल्या पाहिजेत.

आणि ज्यांचं आहे त्यांना नेऊन दाखवा. आम्ही टेप सहा, सतराव्या मिनिटापर्यंत जेवढी उतरली तेवढी, त्या गावाच्या पुनर्वसन वसाहतीत नेली. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. पन्नासेक माणसं जमली. बऱ्याच जणांनी जुनं गाव पाहिलेलंच नव्हतं, ती इथे जन्मलेली. म्हातारी चिंचेला मिठी मारते तिथे मागून एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ही आमची सोनाआजी." मग ती पडद्याजवळ आली. आजीचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला होता. तिच्या आठवणीत आजी होती ती अंथरुणावरची, न बोलणारी. आम्ही टेप तीनदा लावली. तिसऱ्या वेळी मागच्या अंगणात फक्त पाठ दिसणाऱ्या माणसांचीही ओळख पटायला लागली. हा अमक्याचा चुलता, ती गाय तमक्यांची, आणि त्या कारकुनाला सगळे काय म्हणायचे तेसुद्धा. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते. त्या संध्याकाळी अकरा नावं मिळाली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते आजोबा नव्हते.

त्या बाईने मला एकच विचारलं, "उंबर लिहिला ना त्यानं?" मी हो म्हटलं. टेपवर दिसतं ते.

तर आता कामाचं. पहिल्या दिवशी फक्त पेट्या उघडा आणि यादी करा: किती टेप, कुठल्या प्रकारच्या, लेबलावर जे काही लिहिलंय ते जसंच्या तसं. वाचता येत नसेल तर फोटो काढा. टेप स्वतः मशीनला लावून बघू नका, भाचा म्हणाला तरी नाही. एक चुकीचं मशीन आणि चिकट टेप यांची गाठ पडली की तिथेच संपलं. कॅसेटी आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, माळ्यावर नको, जमिनीलगत नको, बाथरूमच्या भिंतीला लागून तर अजिबात नको. लोखंडी कपाटाच्या दारावर स्पीकर किंवा चुंबक चिकटवलेला असेल तर आजच काढा. पाठवायच्या असतील तर कोणाच्या तरी हाताने पाठवा. आणि यादी करताना त्या काळात काम केलेला एखादा ड्रायव्हर, साउंडवाला किंवा कार्यकर्ता हयात असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याला चहा देऊन विचारा, "हे कोण?" तो सांगेल ते लगेच त्याच कागदावर लिहून घ्या.

आपली नम्र,
त्या काळातली एक साहाय्यक संकलक